नांवातला अनुस्वार आणि ‘नाइट’मधला के

इंग्रजीत उच्चार एक आणि स्पेलिंगे दोन, कधी तीन, अशी शब्दांची पुष्कळ जोडकुळे आहेत. ‘देअर’ म्हणजे तेथे आणि ‘देअर’ म्हणजे त्यांचा. ‘सी’ म्हणजे समुद्र आणि ‘सी’ म्हणजे पाहणे. ‘राइट’ म्हणजे बरोबर, उजवा आणि लिहिणेसुद्धा. ही जोडकुळे मुलांना शिकविण्याची वेळ आली म्हणजे आपल्या घरांतून एक ठरलेला उद्गार ऐकू येतो : इंग्रजी ही वाकडी भाषा, आपली मराठी सरळ, आपण जसे बोलतो तसे लिहितो. उद्गार वडीलधाऱ्यांचा असतो, त्यामुळे त्याला सहसा कोणी आडवे जात नाही. आम्हांला मात्र तो इतिहासाला धरून वाटत नाही. मराठी लेखनाची गेल्या दोनशे वर्षांची वाट पाहिली तर इंग्रजीच्या याच खोडीचे एक भावंड आपल्या घरातही वावरत होते असे दिसते. ते आपण १९६२ साली घराबाहेर काढले, आणि म्हणूनच आज आपल्याला इंग्रजीचे नवल वाटते.

ज्यांच्या घरी त्यापूर्वीची छापील पुस्तके किंवा आजोबांची पत्रे आहेत त्यांनी ती उघडून पाहावीत. तेथे ‘नांव’ या शब्दावर अनुस्वार आहे आणि नदीतल्या ‘नाव’ला तो नाही. बोलण्यात दोहोंचा उच्चार एकच. भेद होता तो फक्त कागदावर. तसेच ‘तें मूल’ आणि ‘ते लोक’. ‘तें’वरचा ठिपका नपुंसकलिंगी एकवचन सांगे, आणि ठिपका नसलेला ‘ते’ अनेक पुरुष सांगे. ‘पांच’, ‘दांत’, ‘कांटा’, ‘गांव’, ‘घरीं’, ‘कांहीं’ अशा शब्दांवर हे न बोलले जाणारे बिंदू विखुरलेले असत, आणि ते कोठे द्यावेत हे कळावे म्हणून मुलांना वर्षानुवर्षे घोकंपट्टी करावी लागे. शुद्धलेखनात मार खाल्लेल्या पिढ्यांना हा अनुस्वार चांगला आठवत असे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. तेही याच लेखनपद्धतीच्या काळातले.

हा ठिपका हौसेने दिलेला नव्हता. ‘नाम’ या संस्कृत शब्दातील ‘म’ झिजत झिजत त्याचा नाकातला उच्चार उरला, आणि पुढे तोही गेला; लेखनात मात्र त्याची खूण टिकली. ‘ग्राम’चे ‘गांव’ झाले ते याच रीतीने. ‘नाव’ हा होडीवाचक शब्द ‘नौ’पासून आलेला, त्यात ‘म’ कधी नव्हताच. म्हणून त्याच्या डोक्यावर काही नाही. एकूण, न बोलला जाणारा तो अनुस्वार म्हणजे शब्दाच्या कुळाची नोंद होती. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ साली शासनमान्य झालेले लेखननियम आले, त्यांत १९७२ साली आणखी भर पडली, आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा नसोत, सर्वच अनुच्चारित अनुस्वार रद्द झाले. शाळकरी मुलांची मोठी सुटका झाली यात शंका नाही. पण त्याच दिवशी नांव आणि नाव, तें आणि ते, एक झाले. आता वाक्यावरून अर्थ ओळखावा लागतो, आणि तो बहुधा ओळखूही येतो. या सुधारणेवर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. इंग्रजांनी असली सुधारणा केली नाही, आपण केली, एवढाच फरक ध्यानात घ्यावयाचा.

ऱ्हस्व-दीर्घाची कथाही अशीच आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुर’ म्हणजे देव आणि ‘सूर’ म्हणजे स्वर. ‘सलिल’ म्हणजे पाणी आणि ‘सलील’ म्हणजे लीलेने युक्त. मराठी माणूस बोलताना या जोड्यांत फारसा भेद करीत नाही, कारण मराठी उच्चारात इकार-उकाराची लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. ‘तीळ’ दीर्घ, पण ‘तिळाचा’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाचा’ ऱ्हस्व. संस्कृतात ‘पाणि’ म्हणजे हात. मराठीच्या आजच्या नियमाने शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ लिहावयाचा म्हटला की तो हात आणि प्यायचे पाणी एकाच रूपात येतात, आणि हाताची ओळख ‘पाणिग्रहण’ या समासापुरती उरते.

आपल्या पूर्वजांनी ज्या लिपीत रोजचा व्यवहार केला त्या मोडीत तर हा प्रश्न उद्भवतच नसे. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकारासाठी सामान्यतः एकच खूण, उकारासाठीही एकच. लिहिणाऱ्याचा हात कागदावरून उचलला जाऊ नये ही मोडीची मुख्य काळजी. वाचणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यावे. जमाखर्च, पावत्या, कौलनामे यांना ते पुरत असे. क्वचित न पुरल्याच्या कथाही आहेत. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले अशी जी आख्यायिका आहे, तिने ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार भाषेला दिला. उत्तरेकडे व्यापाऱ्यांच्या मुडिया लिपीविषयी काकाजी ‘अजमेर गये’ की ‘आज मर गये’ ही गंमत सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या-खोट्या कशाही असोत, कानाचा आणि अक्षराचा हिशेब जुळला नाही तर काय होते याची लोकांना जाणीव होती एवढे त्यांवरून कळते.

छापखाना आला आणि शब्दाचे एकच एक रूप ठरविण्याची निकड निर्माण झाली. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली कोश छापला तो मोडी ठशांत. त्यांना मराठीसाठी साहाय्य करणारे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरचे होते, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. बाळबोध लिपीतले लेखन स्थिर झाले ते या ग्रंथांमुळे, आणि अनुस्वारांचा काच शाळेत शिरला तोही यांच्याच मागून.

आता इंग्रजीकडे वळू. वेस्टमिन्स्टर येथे कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला, तेव्हा इंग्रज लोक बऱ्याच अंशी बोलत होते तसे लिहीत होते. के-एन-आय-जी-एच-टी या ‘नाइट’मधला के तेव्हा उच्चारला जात असे, आणि जी-एच या अक्षरांचा ‘ख’सारखा घशातला ध्वनीही ऐकू येई. डब्ल्यू-आर-आय-टी-ई यातला डब्ल्यू मुका नव्हता. एस-ई-ए आणि एस-ई-ई या दोन ‘सीं’चे स्वर वेगळे होते. नंतरच्या दोनतीनशे वर्षांत इंग्रजांचे उच्चार भराभर बदलले, स्वर सरकले, के आणि डब्ल्यू गळाले. पण छापखान्याने अक्षरे तोवर पक्की करून ठेवली होती. जॉन्सनचा कोश १७५५ चा. त्याने त्यांवर जवळजवळ मोहोरच उठविली. आपल्या ‘नांव’वरचा अनुस्वार आणि त्यांच्या ‘नाइट’मधला के हे असे एकाच जातीचे आहेत. दोन्ही मेलेल्या उच्चारांच्या खुणा आहेत.

आणि येथे आपल्या लोकांना एक सोय आहे ती पुष्कळांना नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, आणि इंग्रजी ज्या कुळातली त्या भाषाही त्याच घरच्या असाव्यात असे सुचविले. पुढील शतकात ते विद्वानांनी सिद्ध केले. ज्या घरांत संस्कृतचा थोडा तरी संस्कार आहे त्या घरांतील मुलाला इंग्रजीची मुकी अक्षरे संस्कृतच्या साहाय्याने बोलती करून दाखविता येतात. के-एन-ओ-डब्ल्यू ‘नो’ म्हणजे जाणणे. तो के म्हणजे ‘ज्ञा’ धातूतील ज, आपल्या ‘जाणणे’तला ज. एन-ओ ‘नो’ म्हणजे नाही; तो आपला ‘न’, त्यात के कोठून येणार? के-एन-ई-डब्ल्यू ‘न्यू’ म्हणजे जाणले, पुन्हा तोच ‘ज्ञा’. एन-ई-डब्ल्यू ‘न्यू’ म्हणजे नवा, तो ‘नव’. एस-ओ-एन ‘सन’ म्हणजे मुलगा, हा संस्कृत ‘सूनु’. एस-यू-एन ‘सन’ म्हणजे सूर्य, आणि हे नाते तर न सांगताही कळते. एन-आय-जी-एच-टी ‘नाइट’ म्हणजे रात्र. त्यातला जी-एच हा ‘नक्त’मधल्या क् चा वंशज, ‘नक्तंचर’ शब्दात आपल्याला तो अजून भेटतो. ई-आय-जी-एच-टी ‘एट’ म्हणजे आठ, हा ‘अष्ट’. आणि ए-टी-ई ‘एट’ म्हणजे खाल्ले, त्याच्या मुळाशी ‘अद्’ हा खाण्याचा धातू.

आमच्या आवडीचा शब्द ‘टू’ आहे. टी-डब्ल्यू-ओ म्हणजे दोन. यातला डब्ल्यू का लिहावयाचा, असे मूल विचारते. तो ‘द्व’मधला व आहे. बोलण्यातून गेला, पण ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्वाइस या त्याच्या भावंडांत तो अजून ऐकू येतो. मराठीतही याच ‘द्व’ची वाटणी झाली आहे : ‘दोन’ने द ठेवला आणि व टाकला, ‘बारा’, ‘बावीस’, ‘बेचाळीस’ यांनी व ठेवून त्याचा ब केला आणि द टाकला. इतके समजलेल्या मुलाला टी-ओ ‘टू’ आणि टी-डब्ल्यू-ओ ‘टू’ यांत गोंधळण्याचे फारसे कारण राहत नाही.

अर्थात ही किल्ली सर्वच कुलपांना लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. डब्ल्यू-एच-ओ-एल-ई ‘होल’ म्हणजे सबंध. यातला डब्ल्यू मुळातला नव्हे, मागाहून चिकटविलेला आहे. हा शब्द ‘हील’, ‘हेल्थ’ यांच्या कुळातला. ‘आयलंड’मधला एस तर लॅटिनशी खोटे नाते जोडून घुसडलेला आहे. विद्वानांनी लेखनात केलेल्या अशा चुकांचा भार शाळकरी पोरांनी वाहावा, ही गोष्ट इंग्रजीत घडली तशी आपल्याकडेही घडली आहे.

आपल्या भागात इंग्रजी कशी आली, हे थोडक्यात पाहू. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत बनला. १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. त्यातला वैनगंगेकडचा सखल मुलूख भंडाऱ्याच्या बाजूचा. चंदन नदीकाठची रामपायली, तेथील रामाचे देऊळ आणि त्याभोवतीची मराठी घराणी यांचा ओढा साहजिकच नागपूरकडे राहिला. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. ज्याला वकिली किंवा कचेरीतील नोकरी हवी त्याने नागपूरला जावे, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करावी, आणि ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ या चालीवर शब्द घोकावेत, ही रीत पडली. या घोकंपट्टीला आज हसण्याची पद्धत आहे. आम्हांला ती सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही. स्पेलिंग आणि मराठी अर्थ एका दमात म्हटल्याने ‘सी’ समुद्राचा की पाहण्याचा हे तोंडातच ठरून जाई. मराठी अर्थ हाच दोन जुळ्या शब्दांना वेगळे ठेवणारा खुंटा होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला तो खुंटा हलला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि राजधानी भोपाळला गेली. तेव्हापासून आपली मुले मराठी घरी बोलतात, हिंदी शाळेत शिकतात, आणि इंग्रजी हिंदीतून किंवा थेट इंग्रजीतून घेतात. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, तिचा आधार मराठी हाच होता. आपल्याकडे ‘देअर’चा अर्थ ‘वहाँ’ आणि ‘उनका’ असा सांगितला जातो. त्यात वाईट काही नाही; पण मुलाच्या डोक्यात दोनाऐवजी तीन भाषांची जोडकुळे एकाच वेळी नांदू लागतात, याकडे शिकविणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

कारण आपल्या घरांना समध्वनी शब्द इंग्रजीने आणून दिले असे नाही. ‘शिक्षा’ म्हणजे शाळेत शिक्षण, घरी दंड. ‘चेष्टा’ शाळेत प्रयत्न, घरी थट्टा. ‘खून’ शाळेत रक्त, घरी हत्या. ‘संसार’ शाळेत जग, घरी प्रपंच. ‘राग’ घरी येतो आणि हिंदीत गायला जातो. ‘सही’ शाळेत बरोबर, घरी स्वाक्षरी. ‘दादा’ शेजारच्या घरी आजोबा, आपल्या घरी थोरला भाऊ. ‘आई’ म्हणजे ‘आली’ आणि ‘आई’ म्हणजे आई, हे तर तीन वर्षांच्या पोरालाही समजते आणि ते कधी चुकत नाही. याच्या भरीला आसपासची बोली आहे. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. त्यामुळे धान्याचा मण आणि माणसाचे मन एक होतात, फुलांची माळ आणि पाठीवरचा मार एक होतात. बाजारात कोणाची फसगत झाल्याचे मात्र ऐकिवात नाही. बोलणाऱ्याचा चेहरा, प्रसंग आणि पुढचा-मागचा शब्द मिळून अर्थ ठरवितात.

इंग्रजी शिकविताना यातूनच वाट काढता येते, असे आमचे मत आहे. पहिली गोष्ट, दोन जुळे शब्द मुलापुढे एकदम ठेवू नयेत. एच-ई-ए-आर आणि एच-ई-आर-ई फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ‘यांत घोटाळा करू नका’ असे बजावले की घोटाळा तेथूनच सुरू होतो. आधी ‘हिअर, देअर, व्हेअर’ हे तीन शब्द एकत्र शिकवावेत. तिघांच्याही पोटात एच-ई-आर-ई आहे, जसे आपल्या ‘इथे, तिथे, जिथे’ यांच्या शेवटी ‘थे’ आहे. तिघेही जागा सांगतात. ते अंगवळणी पडल्यावर काही दिवसांनी दुसरा ‘हिअर’ आणावा, ज्याच्या पोटात ई-ए-आर म्हणजे कान आहे. ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ मग ‘दे’च्या घरचा म्हणून, टी-एच-ई-वायच्या मागे उभा करावा, ही मंडळी उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आलेली, त्यामुळे त्यांचे कूळच वेगळे आहे. शब्द त्याच्या नातलगांत बसवून दिला की जुळ्याशी होणारी गल्लत पुष्कळ कमी होते.

दुसरी गोष्ट, जे जुळे इंग्रजांच्या कानाला जुळे नाहीत पण आपल्या कानाला आहेत, त्यांची यादी वेगळी ठेवावी. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’, ‘फुल’ आणि ‘फूल’ यांत मराठी मूल गोंधळते याचे कारण आपल्या ‘तीळ-तिळाचा’मध्ये आहे, तेथे स्पेलिंग घोकून भागत नाही, जीभच वळवावी लागते. उलट व्ही आणि डब्ल्यू यांसाठी मराठीने ‘व्ह’ आणि ‘व’ अशी दोन लेखने पूर्वीच करून ठेवली आहेत : बनियनचा ‘व्हेस्ट’ वेगळा, पश्चिमेचा ‘वेस्ट’ वेगळा. हिंदीच्या वहीत हे दोघे बहुधा एकच होतात. तसाच ‘बॅड’ आणि ‘बेड’ यांतील भेद दाखविणारा आपला चंद्र. मराठी देवनागरी लिहिता येणाऱ्या मुलाला हा आयता लाभ आहे, आणि तो लाभ मिळावा एवढ्यासाठी तरी घरी आठवड्यातून एकदा मराठी श्रुतलेखन घ्यावे. त्यासाठी नवे पुस्तक विकत आणण्याची गरज नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या पेटीत जुनी पत्रे आहेत. नवी पिढी ती चाळते, ‘कांहीं’, ‘घरीं’, ‘तें’ पाहून पणजोबांना शुद्ध लिहिता येत नव्हते असा समज करून घेते, आणि घडी घालून परत ठेवते. जी पत्रे हिंदी शाळेत शिकलेली मुले वाचू शकत नाहीत, त्यांतील निम्मी अडचण या ठिपक्यांची आहे आणि ती एका संध्याकाळी दूर होते. पत्राच्या माथ्यावर ‘गांव रामपायली’ असे लिहिलेले असते. त्या ‘गांव’वरचा ठिपका शाईचा डाग नव्हे, हे सांगण्यासाठी व्याकरणही काढावे लागत नाही. आपली मुले हिंदीच्या पुस्तकात ‘गाँव’, ‘पाँच’, ‘दाँत’ आणि ‘काँटा’ रोज वाचतात, आणि तेथे त्या चंद्रबिंदूचा नाकातला उच्चार अजून जिवंत आहे. दोन कागद शेजारी ठेवावेत आणि मुलाला दोन्ही मोठ्याने वाचावयास सांगावे.